लठ्ठपणा: कल जनुकांचा, पण दैव नव्हे

‘जाडेपणा आमच्या घराण्यातच आहे,’ असे रुग्ण म्हणाला की ती सबब मानली जाते. ती निव्वळ सबब नाही. २००७ मध्ये ब्रिटिश संशोधकांना सुमारे ३९ हजार लोकांच्या अभ्यासात ‘एफटीओ’ जनुकातील एक फरक सापडला. तो आई व वडील दोघांकडूनही मिळालेल्यांचे वजन, तो मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलो जास्त भरले. असे शेकडो फरक आता माहीत आहेत. एकेकाचा परिणाम किरकोळ. पण त्यातील अनेकांचा संबंध मेंदूतील भूक आणि तृप्तीच्या नियंत्रणाशी आहे. एकाच पंगतीतल्या दोघांना पोट भरल्याची जाणीव सारखी होत नाही. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

मात्र दोन पिढ्यांत जनुके बदललेली नाहीत. बदलले ते ताट आणि चालणे. २ लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून २०११ मध्ये दिसले की, शारीरिक हालचाल करणाऱ्यांत ‘एफटीओ’मुळे वाढणारा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी असतो.

म्हणून महागड्या जनुक चाचणीची घाई नको. आईवडील स्थूल असतील, तर तेवढी सूचना पुरेशी आहे. अशा मुलांना टोमणे नकोत. खेळायला मैदान आणि चालायला मोकळा पदपथ हवा.