तंबू, बाईक आणि एक्सेलची शीट

मराठी माणसाला सांगा की मी फिरायला चाललोय, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग काय काय कव्हर करणार?" हे 'कव्हर करणं' प्रकरण माझ्या भयंकर डोक्यात जातं. अरे, सिलॅबस आहे का तो?

तर झालंय असं, की येत्या जूनमध्ये मी एकटा, बाईकवर, मागे तंबू बांधून ब्रिटन आणि आयर्लंडला एक फेरी मारणार आहे. लीड्सहून निघायचं, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा, मग केर्नरायनहून बोटीने बेलफास्ट, डेरीवरून डॉनेगल, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने खाली, रॉसलेअरहून पुन्हा बोट, वेल्स आणि घर. सुट्टी तीन आठवडे. गाडी सेकंडहँड हिमालयन ४११, म्हणजे मूळच्या रेडिचच्या आणि आता चेन्नईच्या झालेल्या कंपनीची. हे ज्याला ज्याला सांगितलं, त्याने त्याने शीट मागितली. एका मित्राने तर मी न मागताच स्वतः बनवून पाठवली. एकवीस ओळी. कुठून, कुठे, किती किलोमीटर, पाहण्यासारखं काय, मुक्काम कुठल्या कॅम्पसाइटवर. वर रंग पण भरलेले. नवव्या दिवसाच्या ओळीत लिहिलंय, "अ‍ॅपलक्रॉस, स्काय, फोर्ट विल्यम". एका दिवसात!

मित्र चांगला आहे, पण माझं म्हणणं त्याच्या बरोबर उलट आहे. एकट्याने तंबू घेऊन करायच्या बाईक टूरचं दिवसवार वेळापत्रक करणं हा निव्वळ कंटाळवाणा प्रकार नाही, तो धोकादायक आहे. आणि त्याच्या नादात ज्याचं प्लॅनिंग खरंच करायला पाहिजे ते राहून जातं, हे त्याहून वाईट.

आधी गणित बघू, कारण शीटवाले नेहमी गणिताचा आव आणतात. "रोज तीनशे किलोमीटर म्हणजे काय रे, पुणे-गोवा आपण साडेचारशे एका दिवसात मारतो!" मारतो ना. पण हायलँड्समध्ये मैलोनमैल रस्ता एकाच गाडीपुरता आहे. समोरून कोणी आलं की पासिंग प्लेसमध्ये थांबायचं. मधे मेंढ्या बसलेल्या. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतून जाताना सर्वसाधारण मर्यादा ताशी २० मैल आहे. आयर्लंडने फेब्रुवारी २०२५ मध्ये गावाकडच्या लोकल रस्त्यांची मर्यादा ८० वरून ६० किलोमीटरवर आणली. अशा रस्त्यांवर सरासरी ४५ धरली तरी खूप झाली. म्हणजे तीनशे किलोमीटरला जवळजवळ सात तास निव्वळ सीटवर. सकाळी तंबू सोडणं, ओला असेल तर झटकणं, सामान बांधणं, संध्याकाळी परत उभा करणं यात दीड-दोन तास. पेट्रोल, जेवण, फोटो, पावसात आडोशाला थांबणं धरा अजून दोन-अडीच. झाला अकरा तासांचा दिवस. असे एकवीस दिवस? ऑफिसमधून सुट्टी घेऊन जास्त तासांचं दुसरं ऑफिस काढायचं, यातली गंमत मला तरी कळत नाही.

आणि यात कार आणि बाईकचा फरक आहे. कारमध्ये दमलात तर वायपर लावून हीटर सोडून तुम्ही कसंबसं पोचता. बाईकवर दहाव्या तासाला, भिजलेल्या ग्लव्हजमध्ये, बोटं आखडलेली असताना समोर वळण येतं तेव्हा काय होतं ते ज्याने चालवलीय त्याला विचारा. ग्रुपमध्ये असलात तर कोणीतरी म्हणतं, "बास यार, थांबू." एकट्याला असं कोणी म्हणत नाही. उलट पुढच्या मुक्कामाचे पैसे भरलेले असतात आणि ते बुकिंग कानात ओरडत असतं, चल, अजून नव्वद किलोमीटर. एकट्या माणसाला थांबायला सांगणारी एकच गोष्ट असते, स्वतःची अक्कल. तिच्या विरुद्ध बाजूला मुद्दाम पैसे लावून ठेवायचे, हे कुठलं प्लॅनिंग?

बरं, तंबू नेतो कशाला आपण? स्वस्त पडतो म्हणून, हे अर्धंच कारण. तंबूचा खरा फायदा हा, की कुठे झोपायचं ते संध्याकाळी ठरवता येतं. मग एकवीस रात्रींच्या कॅम्पसाइट जानेवारीतच बुक करणाऱ्याने तंबू न्यावाच का? सरळ हॉटेलं करावीत, पाठ तरी सुखात राहील. शिवाय स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला जूनमध्ये अठरा तासांच्या आसपास उजेड असतो. जागा शोधता शोधता अंधार पडेल, ही भीतीच नाही.

हवामानाचंही तेच. अटलांटिकवरून येणारे ढग पश्चिमेच्या डोंगरांवर रिकामे होतात. पश्चिम हायलँड्सच्या डोंगराळ भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तर पूर्व किनाऱ्यावर काही ठिकाणी ७०० च्या आत. महाबळेश्वरला धो धो चालू असताना फलटणला ऊन असतं, तोच हिशोब. म्हणजे तीन दिवस पश्चिमेला झोडपणार असं दिसलं, तर शहाण्याने मरे फर्थच्या बाजूला सटकावं आणि ढग गेले की परत यावं. शीटवाला काय करणार? शीटमध्ये लिहिलंय म्हणून भिजणार. मिजेसचंही असंच. या चिलटांएवढ्या चावऱ्या माशा वारा पडला की थव्याने येतात आणि जून ते ऑगस्ट त्यांचा सीझन. वारा नसेल त्या संध्याकाळी तळ्याकाठी तंबू टाकायचा नसतो, वाऱ्यावरची उघडी जागा शोधायची असते. आता जानेवारीत बुक करताना तुम्हाला जूनमधल्या त्या संध्याकाळचा वारा माहीत असतो का? मला तर नसतो बुवा :)

मग प्लॅनिंगच करू नये? "बॅग भरो और निकल पडो" वाले पण मला तितकेच खोटे वाटतात. उलट मी गेले चार महिने प्लॅनिंगच करतोय. फक्त ते दिवसांचं नाही, कुंपणांचं आहे. कुठे आपण अडकू शकतो ते आधी शोधायचं, तिथे पक्कं काम करायचं, आणि मधलं मैदान मोकळं सोडायचं.

पहिलं कुंपण म्हणजे आपला निळा पासपोर्ट. भारतात ब्रिटनचा व्हिजिट व्हिसा काढणाऱ्यांना २०१५ पासून ब्रिटिश-आयरिश योजनेत त्याच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. पण माझ्यासारखे वर्क व्हिसावर इथे राहणारे त्यात बसत नाहीत. आपल्याला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, त्यामुळे बेलफास्ट-डेरीला काही नको. डेरीहून डॉनेगलकडे निघालात की मात्र सीमा आहे, आणि ती दिसतच नाही! चौकी नाही, फाटक नाही. वेगाच्या पाट्या मैलांच्या किलोमीटरच्या होतात, बास. माझ्या ऑफिसातल्या गोऱ्याला हे कधी लक्षातही येत नाही. आपण मात्र व्हिसा नसताना ती पाटी ओलांडली तर बेकायदेशीर परदेशात. शिवाय डॉनेगल-डेरी असं मागेपुढे करायचं असेल तर मल्टिपल एंट्री हवी. या व्हिसाला काही आठवडे लागतात आणि कुठे राहणार, काय करणार हेही सांगावं लागतं. म्हणजे आयर्लंडपुरतं थोडं बुकिंग आलंच. ते मी केलंय आणि पाळणार आहे, कारण व्हिसाच्या अर्जात थापा मारायच्या नसतात. मित्राच्या त्या रंगीत शीटमध्ये बाकी सगळं होतं, व्हिसाची ओळच नव्हती. घोडं नेमकं इथे पेंड खातं.

दुसरं, लायसन्स. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं आणि ते इथलं बदलून मिळत नाही. मग सीबीटी, थिअरी, मॉड्यूल वन, मॉड्यूल टू, सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. "मी दहा वर्षं सिंहगड रोडला चालवलीय" याला इथे कोणी विचारत नाही. सोबत इन्शुरन्सवाल्याला फोन करून विचारायचं, की आयर्लंडमध्ये पॉलिसी पूर्ण चालते की नुसती थर्ड पार्टी, आणि ब्रेकडाउन कव्हर तिकडे आहे का.

तिसरं, जमीन. इंग्लंड-वेल्समध्ये मालकाला न विचारता तंबू टाकायचा साधारणपणे हक्क नाही. २००० सालच्या कायद्याने माळरानांवर चालायला मिळालं, झोपायला नाही. अपवाद डार्टमूरचा, आणि तोही भांडून राहिलेला. जानेवारी २०२३ मध्ये हाय कोर्टाने तिथला हक्क नाकारला, जुलैत अपील कोर्टाने परत दिला, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने कुठेही तंबू टाकता येतो. पण मेख अशी, की तो हक्क पायी जाणाऱ्याचा आहे, इंजिनाचा नाही. गाडी रीतसर लावायची, सामान उचलायचं आणि चालत जायचं. लॉख लोमंडच्या ठरावीक पट्ट्यांत तर २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर परमिट लागतं. आयर्लंडमध्ये असा सरसकट हक्कच नाही, शेतकऱ्याला विचारायचं. हे कायदे पाठ असतील तर संध्याकाळी कुठलीही जागा बघून तुम्ही दोन मिनिटांत ठरवू शकता. पाठ नसतील तर बुकिंगची कुबडी लागणारच!

चौथं, एकटेपण. आईला रोज रात्री लोकेशन जाणार, हा आमचा करार झालाय. (ती अजूनही विचारते, "कोणीच नाही का रे बरोबर यायला?") फोन ९९९ च्या एसएमएस सेवेत आधीच रजिस्टर करून ठेवलाय, कारण डोंगरात कधीकधी कॉल लागत नाही पण मेसेज जातो. पंधरा लिटरची टाकी अर्ध्यावर आली की पुढच्या पंपाची वाट बघायची नाही, दिसेल तिथे भरायचं.

पाचवं, बोटी. तिकिटं दोनच, आणि दोन्ही तारीख बदलता येणारी. डिसेंबर २०२४ च्या वादळात होलीहेड बंदराचं नुकसान झालं आणि ते जानेवारीच्या मध्यापर्यंत बंद होतं. निसर्ग तुमची शीट वाचत नाही.

आता कोणी म्हणेल, कॅम्पसाइट भरलेली निघाली तर? भरेल की. शनिवारी प्रसिद्ध ठिकाणी नक्की भरेल. म्हणून शनिवारी प्रसिद्ध ठिकाणी जायचं नाही. एक माणूस, एक बाईक, एक छोटा तंबू, याला कोपरा मिळायची शक्यता मोठ्या कॅम्पर व्हॅनपेक्षा कितीतरी जास्त. आणि कोणी म्हणेल, अरे मग नॉर्थ कोस्ट ५०० तरी पूर्ण होणार का? नाही झाला तर नाही झाला! इनव्हरनेसहून निघून इनव्हरनेसलाच येणारा हा ५१६ मैलांचा रूट २०१५ साली पर्यटनासाठी नाव देऊन बाजारात आणला. आयर्लंडचा वाइल्ड अटलांटिक वे, सुमारे २५०० किलोमीटर, त्याच्या आदल्या वर्षीचा. रस्ते जुनेच, नाव आणि पाट्या नव्या. नाव मिळालं की लोक ते संपवायला धावतात, आणि बेलाख ना बा सारख्या ६२६ मीटर उंचीच्या अरुंद घाटात तोंडाला तोंड लावून उभे राहतात. बाजूच्या बिननावाच्या रस्त्यावर तोच समुद्र फुकट दिसत असतो.

टेड सायमन १९७३ मध्ये लंडनहून एकटा ट्रायम्फवर निघाला आणि चार वर्षं जग फिरला, आपल्याकडेही आला होता. आमच्या पिढीने मात्र बाईक टूर शिकली ती २००४ च्या 'लाँग वे राउंड' वरून, जिथे दोन नटांच्या दिमतीला सपोर्टच्या गाड्या आणि कॅमेरे होते. शूटिंग असेल तर वेळापत्रक लागतंच. तुमच्यामागे कुठली क्रू येतेय?

माझ्या व्हिसाला शेवटची तारीख आहे. प्रोजेक्ट संपला की परत जावं लागेल, आणि सलग तीन आठवडे सुट्टी देणारा मॅनेजर पुन्हा भेटेलच असं नाही. शीटवाले म्हणतात, म्हणूनच जास्तीत जास्त कव्हर कर. मी म्हणतो, म्हणूनच करणार नाही. परत आल्यावर मला एकवीस ठिकाणांची यादी नकोय, एखाद्या गावात पाऊस थांबेपर्यंत दोन दिवस नुसतं बसलो होतो, असं सांगता आलं पाहिजे.

तुम्ही पण कुठे निघाला असाल, लडाख म्हणा, कोकण म्हणा, तर एक करा. शीट बनवाच, पण तारखांचा कॉलम उडवा. त्या जागी "हे नसेल तर मी कुठे अडकेन?" असा कॉलम टाका. तो प्रामाणिकपणे भरला की बाकीच्या ओळींची गरज किती उरते, ते स्वतःच बघा.