किल्ल्या कोणाकडे?

दिवाळीची साफसफाई निघाली की बहुतेक घरांत एक पत्र्याचा डबा सापडतो. त्यात किल्ल्या असतात. त्या कशाच्या, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. एक आजोबांच्या ट्रंकेची असावी, एक विकून टाकलेल्या स्कूटरची, एक सोडून दिलेल्या भाड्याच्या घराची. कुलपे केव्हाच गेली. किल्ल्या मात्र टाकवत नाहीत. "असू दे, लागेल कधीतरी," असे म्हणून घरातली वडीलधारी बाई डबा परत फडताळात सारते.

हल्ली घरोघर याच्या नेमके उलटे दुखणे शिरले आहे. कुलपे डोळ्यांसमोर लटकत आहेत आणि किल्ल्या सापडत नाहीत!

आमच्या निगडी-चिंचवडकडच्या एखाद्या साध्यासुध्या घराचा हिशेब मांडून पाहा. विजेचे बिल, महापालिकेचा मिळकतकर, गॅसचा सिलिंडर, दोन बँका, भविष्यनिर्वाह निधी, आयकर, विम्याचा हप्ता, मुलाची शाळा आणि दिवाळीत गावी जायचे रेल्वेचे तिकीट. एकेकाचा पासवर्ड निराळा. त्यात एक अक्षर मोठे हवे, एक आकडा हवा, एक चिन्ह हवे, आणि तो मागच्या पासवर्डासारखा असता कामा नये! अहो, लग्नातल्या उखाण्यालासुद्धा इतक्या अटी नसतात.

म्हणून जाणत्या मंडळींनी सल्ला दिला की, बाबांनो, पासवर्ड मॅनेजर ठेवा. सल्ला चांगलाच आहे, हे आधी सांगून टाकतो. हा मॅनेजर म्हणजे घरचा किल्लेदार. सगळ्या किल्ल्या तो एका तिजोरीत ठेवतो आणि तिजोरीची एकच मोठी किल्ली, म्हणजे मुख्य पासवर्ड, तुमच्याजवळ राहते. चांगल्या मॅनेजरच्या कंपनीला तो मुख्य पासवर्ड ठाऊक नसतो. तिच्याकडे असते ती कुलूपबंद तिजोरी, उघडण्याची युक्ती नव्हे. ब्राउझरच्या कोपऱ्यात या किल्लेदाराची एक छोटी चौकी बसवतात; तिला एक्स्टेन्शन म्हणतात. बँकेचे पान उघडले की चौकीतला शिपाई पुढे होतो, नाव आणि पासवर्ड भरून देतो. शिवाय पान खोटे असेल, पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असेल, तर तो गप्प बसतो. माणसाचा डोळा फसतो, हा सहसा फसत नाही. त्याचा हा गुण लाखमोलाचा आहे.

इतके सगळे ठीक असताना एका सकाळी ही चौकी जागेवर नसते.

निगडी प्राधिकरणातले एक ओळखीचे कुटुंब आहे. वडील पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले; मुलगा चाकणला पहिल्या पाळीला. घरची सारी खाती मुलाने मॅनेजरमध्ये बसवून दिली होती आणि आईवडील बोट टेकवून ती उघडायलाही शिकले होते. मिळकतकराच्या सवलतीचा शेवटचा दिवस उजाडला. वडील चष्मा लावून बसले, तर कोपऱ्यातले कुलपाचे चित्र गायब! मुलाचा फोन पाळीभर लॉकरमध्ये. दुपारी पाळी सुटली, मुलगा कंपनीच्या बसमध्ये चढला, तेव्हा कुठे आईचा फोन लागला.

"अरे, ते चित्र कुठे गेलं?"

"कुठलं चित्र, आई?"

"कुलपाचं. रोज उजवीकडे असायचं ते."

"रात्री अपडेट झालं असेल. तिथे कोड्याच्या तुकड्यासारखं काहीतरी दिसतंय बघ. त्यावर दाब, खाली यादी येईल, त्यात आहे ते."

"हं, आलं. पण हे बोट घेत नाहीये. मुख्य पासवर्ड मागतंय."

पलीकडे क्षणभर शांतता.

"आई, तो मी इथून कसा सांगू? बसमध्ये माणसं आहेत."

बस तळेगाव चौकाच्या गर्दीत अडकलेली. वडिलांनी काही न बोलता पायांत चपला अडकवल्या, करसंकलनाच्या कार्यालयात जाऊन रांगेत उभे राहिले आणि पावती घेऊनच परत आले. "रांगेला अपडेट नसतं," एवढेच ते म्हणाले.

आपल्यालाच काही येत नाही, असे त्या माउलीला दिवसभर वाटत राहिले. मला राग येतो तो याचाच. महिनोन् महिने हाताला बसलेली सवय कोणीतरी रात्रीतून मोडतो आणि अडाणी ठरते ती आपल्या घरची बाई!

हे असे का होते, तेही समजून घेऊ. ब्राउझर हा एक वाडा आहे आणि एक्स्टेन्शन हा त्यातला भाडेकरू. वाड्याच्या मालकाने नियम बदलले की भाडेकरूला आपली खोली नव्याने लावावी लागते. गूगलने २०१८ साली एक्स्टेन्शनांसाठी नवी नियमावली जाहीर केली आणि २०२४ पासून क्रोममध्ये जुन्या धर्तीची एक्स्टेन्शने बंद पाडायला सुरुवात केली. पूर्वी एक्स्टेन्शन पडद्याआड सतत जागे राहू शकत असे. नव्या नियमात त्याला काम नसेल तेव्हा झोपावे लागते. साहजिकच साऱ्या किल्लेदारांना आपली घडी पुन्हा बसवावी लागली.

काही बदल भाडेकरू आपण होऊनही करतो. बिटवॉर्डन नावाच्या लोकप्रिय मॅनेजरने २०२४च्या डिसेंबरात आपल्या खिडकीचे रूप पालटले. पूर्वी खात्याच्या नावावर टिचकी मारली की पासवर्ड भरला जाई. आता भरण्यासाठी निराळे बटण आले आणि नावावर टिचकी मारली तर खात्याची माहिती उघडू लागली. जगभरच्या लोकांनी इतका ओरडा केला की पुढे जुनी सवय चालू ठेवण्याची सोय कंपनीला द्यावी लागली.

मग अपडेटच नको, असे कोणी म्हणेल. तसे करून मात्र चालायचे नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये मारेक तोथ या चेक संशोधकाने अमेरिकेतल्या एका परिषदेत दाखवून दिले की, दुष्ट हेतूने रचलेल्या पानावर मॅनेजरचा भरण्याचा चौकोन अदृश्य करून, वापरणाऱ्याच्या एका साध्या टिचकीने माहिती लुबाडता येते. त्याने तपासलेल्या अकरा नामांकित मॅनेजरांत हा दोष निघाला. असली भगदाडे बुजवायला अपडेट हाच मार्ग. खरी अडचण अशी की, भगदाडाची दुरुस्ती आणि दाराचा नवा रंग ही दोन्ही कामे एकाच गाठोड्यातून येतात. दुरुस्ती हवी असेल तर रंगही मुकाट्याने घ्यावा लागतो. आणि येणार म्हणून आगाऊ सांगावा? तो नाहीच!

त्या मुलाचा चाकणचा कारखाना पाहा. आपल्या या पट्ट्यातल्या मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांतून एक शिस्त पाळली जाते. माणूस, यंत्र, माल आणि पद्धत या चारांपैकी काहीही बदलले, तर फळ्यावर त्याची नोंद होते. ज्याच्या हाताखालचे काम बदलले त्याला ते करून दाखवतात. बदलानंतरचा पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय पुढचा माल सुटत नाही. साधा पाना ठेवण्याची जागा बदलायची तरी तिथल्या कामगाराला विचारतात, कारण चुकीचा भाग बसला तर गाडी रस्त्यावर जाते आणि जिवाशी गाठ पडते. ही शिस्त आपल्या मुलांनी घाम गाळून अंगी बाणवली. तीच मुले घरी येतात, तेव्हा त्यांच्या आईच्या हातातले हत्यार कोणी परस्पर बदलून गेलेला असतो! मोटारीच्या बोल्टला जेवढा मान, तेवढा साठ वर्षांच्या बाईच्या सवयीला मिळावा, एवढेच मागणे आहे.

पासवर्डाचे हे लटांबर तसे जुनेच. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१च्या सुमारास अनेकांना एकच संगणक वाटून वापरता येईल अशी व्यवस्था केली आणि ज्याची त्याची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून पासवर्ड आणला. १९६६ साली तिथे दोन फायलींची अदलाबदल झाली. रोजच्या सूचनेच्या जागी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी गेली आणि जो कोणी आत येई त्याला ती वाचायला मिळू लागली! पुढे २०१४ साली खुद्द कोर्बाटोंनीच कबुली दिली की, पासवर्ड हे आता एक दुःस्वप्न होऊन बसले आहे.

मॅनेजरही अभेद्य नसतात. लास्टपास या कंपनीत २०२२ साली चोर शिरले आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या नकला घेऊन गेले. तिजोऱ्यांतले पासवर्ड कुलूपबंद होते. पण ज्यांचा मुख्य पासवर्ड लेचापेचा होता, त्यांच्या पोटात गोळा येणे साहजिक होते.

मग किल्ल्या ठेवाव्यात कोणाकडे? याचे उत्तर आपल्या चाकणातच सापडण्यासारखे आहे. आज चाकण म्हटले की कारखाने आणि ट्रकांची रांग आठवते. पण तिथे संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. १६६०च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळा यांनी तो शायिस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. बुरुज सुरुंगाने उडाला तेव्हाच तो पडला. आपला 'परवलीचा शब्द' मूळचा अशाच पहाऱ्यांवरचा.

शिवाजी महाराजांनी गडाच्या कारभारासाठी हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी नेमण्याची पद्धत घातली, हे सभासदाच्या बखरीत सांगितले आहे. कारभार तिघांनी मिळून करायचा. एक फितूर झाला, आजारी पडला किंवा लढाईत कामी आला, तरी गड अडून राहू नये, ही त्यातली दूरदृष्टी. एकट्यावर सारा गड सोपवायचा नाही!

आपण मात्र घरात नेमके तेच करतो. सगळ्या किल्ल्या एका मॅनेजरकडे, आणि मॅनेजरची किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात. अपडेट झाले की दिवस वाया जातो. ते चालून जाईल. पण तो माणूसच गेला तर? कर्त्या माणसाच्या मागे त्याची बायको संगणकासमोर बसते. कोणत्या बँकेत किती ठेव आहे हे सांगणारे सारे त्या तिजोरीत असते आणि तिची किल्ली सरणावर गेलेली असते. कंपनी म्हणते, आम्हालाही ती उघडता येत नाही. ते खरेच असते. त्या खरेपणासाठीच तर आपण तिला निवडलेले असते. मग मृत्यूचा दाखला घेऊन बँकेच्या एकेका शाखेत हेलपाटे सुरू होतात, आणि मुळात शाखा कोणत्या हेच ठाऊक नसते.

म्हणून या सदराच्या वाचकांना तीन-चार गोष्टी सुचवतो. मॅनेजर सोडू नका आणि अपडेटही बंद करू नका. मुख्य पासवर्ड लांबलचक ठेवा. चार-पाच असंबद्ध शब्दांचा असला की लक्षातही राहतो. ईमेलचा पासवर्ड तेवढा तिजोरीबाहेरही ठाऊक असू द्या, कारण बाकी बऱ्याच किल्ल्या हरवल्या तर नवी किल्ली त्याच दाराने येते. कर, हप्ता, तिकीट यांना शेवटचा दिवस गाठू नका. अपडेटला मुहूर्त नसतो. मुलाने आईला नुसते "इथे बोट टेकव" असे शिकवू नये. बोट चालले नाही तर काय करायचे, हेही एकदा तिच्या हातून करवून घ्यावे. कारखान्यात पहिला नग तपासतात, तसेच हे. काही मॅनेजरांत विश्वासाच्या माणसाला ठरावीक दिवसांनंतर तिजोरी उघडून देण्याची सोय असते. ती चालू करून ठेवा.

आणि सगळ्यांत सोपी गोष्ट कागदाची. मुख्य पासवर्ड, अडीनडीला वापरायचे जे आकडे मॅनेजर सुरुवातीला देतो ते, आणि बँका-विम्यांची नुसती नावे एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहा. कागद पाकिटात घालून चिकटवा आणि दागिन्यांच्या कप्प्यात ठेवून द्या. पाकीट कुठे आहे हे घरातल्या दोघांना माहीत हवे. तिसरा कोणी विश्वासाचा असेल तर उत्तमच. दूरदेशीचा चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाची वही पुढे ठेवून तिच्यावर हळदकुंकू वाहतो. यंदा वहीशेजारी ते बंद पाकीटही ठेवा, आणि पूजा झाली की घरातल्या बाईच्या हाती द्या. तिने ते कुठे ठेवले, एवढे मात्र विचारून घ्या.