बंदूक जमा करून घ्या, पण कारण सांगून
(अकोले तालुक्यातल्या परवानाधारक शेतकऱ्यांचं जाहीर पत्रक)



निवडणूक जाहीर झाली की तालुक्यात दोन गोष्टी लगेच होतात. भिंतींवरची पुढाऱ्यांची नावं चुन्यानं पुसली जातात आणि आमच्या दारात निरोप येतो की बंदूक ठाण्यात आणून टाका. का, असं विचारलं तर उत्तर एकच : वरून आदेश आहे. 2024 साली हे दोनदा झालं. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि 4 जूनला निकाल लागला. विधानसभेची 15 ऑक्टोबरला लागली, निकाल 23 नोव्हेंबरला. शिवाय नगरपंचायत, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका असतातच. आमच्या बंदुका घरापेक्षा ठाण्यातच जास्त नांदायला लागल्या आहेत.

आता ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडं काय चाललेलं असतं ते पाहा. राजूर, भंडारदरा, कोतूळच्या पट्ट्यात भात पिवळं पडून सोंगणीला येतं. रानडुकरांना ते आपल्याआधी कळतं. कळप रात्रीत उतरतो, खातो थोडं आणि लोळवतो फार. सकाळी बांधावर उभं राहून पाहिलं तर खाचरात चिखल, मोडकी ताटं आणि खुरांचे खड्डे. खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठानं, उसाला तोड लागायची वेळ झालेली असते. ऊस तुटला की बिबट्याचं बिऱ्हाड मोडतं आणि तो वस्त्यांकडं सरकतो. वर्षातल्या नेमक्या ज्या महिन्यांत राखणीला बसायचं, त्याच महिन्यांत राखणीचं हत्यार सरकारी खोलीत. पीकसंरक्षणासाठी म्हणून सरकारनंच दिलेला परवाना पिकाच्या वेळी घरात कागद म्हणून पडून राहतो!

आणि ते हत्यार खोलीत कसं असतं? घोड्याला सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेनानं लिहिलेलं नाव. वीस-पंचवीस बंदुका एकमेकींवर रेललेल्या, भिंतीला ओल. आमच्यापैकी एकाची वडिलोपार्जित एकनळी उन्हाळ्यात गेली ती पावसाळ्यात परत आली. गजाला चिंधी गुंडाळून नळीतून फिरवली तर चिंधी तांबडी होऊन निघाली. नळीला आतून खड्डे पडले होते. पावतीवर फक्त ‘एक बंदूक’ एवढंच लिहिलेलं असल्यामुळे भांडायचं कशाच्या जोरावर? ठाण्याचं नाव आम्ही लिहीत नाही. जागा अपुरी, माणसं अपुरी, हवालदारांचा त्यात दोष थोडा आहे. चूक त्यांच्या वरच्या मजल्यावर आहे.

कारण नियम असा नाहीच. मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाड्यानंतर निवडणूक आयोगानं 2009 साली स्पष्ट सूचना काढल्या. सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करा असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीनं एकेका परवानाधारकाचा विचार करायचा. जामिनावर सुटलेला कोण, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेला कोण, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेला कोण, हे पाहायचं. ज्याच्याबद्दल गरज वाटेल त्याला नोटीस द्यायची, जमा केल्याची रीतसर पावती द्यायची, हत्यार सुरक्षित ठेवायचं आणि निकालानंतर आठवडा उलटला की परत करायचं. हे सगळं करायला अर्थातच बसून कागद वाचावे लागतात. त्यापेक्षा परवान्यांची नोंदवही उघडून ओळीनं फोन लावणं सोपं. आमचं नाव त्या वहीत आहे, पत्ता आहे, फोटो आहे, आम्ही सापडतो. एवढाच आमचा गुन्हा.

जे सापडत नाहीत त्यांचं काय? मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या उमर्टीकडून येणारे गावठी कट्टे उत्तर महाराष्ट्रात कसे फिरतात हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. कट्टेवाला आचारसंहिता लागली म्हणून कट्टा घेऊन ठाण्याच्या पायऱ्या चढत नाही. मतदाराला दम द्यायचाच असेल तर परवान्यावर नंबर लिहिलेली, चार फुटी, खांद्याला टांगायची बारा बोअरची बंदूक घेऊन कोण जाईल? आम्ही जमा केलेल्या बंदुकांचा आकडा वरिष्ठांना कळवला जातो आणि बंदोबस्त चोख झाला असं ठरतं.

हे दुखणं फक्त आपलं नाही. सध्या आपल्या पोरांच्या मोबाईलवर परदेशातल्या एका हत्याराच्या चित्रफिती फिरतात. कार्बाइन म्हणतात तिला. काडतूस पिस्तुलाचं, 9 मिलिमीटरचं, पण नळी लांब आणि खांद्याला लावायला दस्ता. धक्का कमी, नेम सोपा. कॅनडातल्या बंदूकधारकांत हिची चर्चा फार, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एप्रिल 2020 मध्ये तिथल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात एका माणसानं 22 जणांचे जीव घेतले. पंधरवडा उलटायच्या आत, 1 मे रोजी, सरकारनं सुमारे 1,500 प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. 21 ऑक्टोबर 2022 पासून पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवली. मग पिस्तुलाचं काडतूस वापरायचं तर उरलं काय? लांब नळीची कार्बाइन. तिथं असल्या बंदुकीची नळी 470 मिलिमीटरच्या आत असली तर कडक निर्बंध लागतात, म्हणून कारखानदार नळी तेवढ्यापुरती लांब करून देतात. डिसेंबर 2024 मध्ये यादीत आणखी 324 नावं चढली. आता तिथला गिऱ्हाईक नवी बंदूक हातात घेऊन आधी एकच विचारतो : ही पुढच्या यादीत येणार का? यादी लांबते, कारखाना वळसा घालतो, पुन्हा यादी लांबते. बंदी घातलेल्या बंदुका परत घ्यायची मुदत सरकार वाढवतंय, वाढवतंय. आणि ज्या नराधमामुळे हे सुरू झालं त्याच्याकडं परवानाच नव्हता. त्याच्या हत्यारांपैकी काही अमेरिकेतून चोरून आणलेली होती.

तरी कॅनडातली एक गोष्ट आम्हाला पटते आणि ती इथं यावी असं आम्ही उघड म्हणतो. तिथं परवानाधारकांची नावं रोजच्या रोज पोलिसांच्या नोंदींशी ताडली जातात. कुणी बायकोला मारहाण केली, कुणी मारामारीत अडकला, की परवाना तपासणीवर येतो. इथंही करा! आमची नावं रोज ताडा, आमची हरकत नाही. जो बिघडला त्याची बंदूक निवडणुकीची वाट न पाहता उचला. शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 नुसार परवाना निलंबित किंवा रद्द करता येतोच. बारा महिने कुणाकडं ढुंकून पाहायचं नाही आणि आचारसंहितेत सगळ्यांना एका दावणीला बांधायचं, ही तपासणी नव्हे.

आता थोडं आपल्याच माणसांशी बोलू, कारण पत्रक फक्त सरकारला झोडायला काढलेलं नाही.

पोरांनो, ती कार्बाइन आपल्यासाठी नाही. 9 मिलिमीटर हा आपल्याकडं प्रतिबंधित बोअर आहे. आपल्या पुण्याच्या पाषाणमधली एआरडीई ही संशोधन संस्था आणि महूचं इन्फंट्री स्कूल यांनी मिळून केलेलं ‘अस्मि’ हे 9 मिलिमीटरचं हत्यार जानेवारी 2021 मध्ये जाहीर झालं. अभिमान जरूर बाळगा, पण ते सैनिकासाठी आहे. डुकरं हाकायला त्याची गरज नाही आणि ती कुणी भासवत असेल तर त्याला नमस्कार करून उठा. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार बेकायदा बाळगलं तर किमान सात वर्षांची सजा आहे, जास्तीत जास्त चौदा. कुणीतरी ‘आणून देतो’ म्हणाला म्हणून आयुष्यातली सात वर्षं घालवू नका. राखणीच्या कामात नव्वद टक्के वेळा आवाजच उपयोगी पडतो, आणि तो खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेल्या ‘शक्तिमान’ काडतुसातून भरपूर निघतो.

दुसरे आपले हौशी. कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवणारे, वरातीत हवेत बार काढणारे. याच दुरुस्तीनं आनंदात हवेत गोळीबार करणं हा वेगळा गुन्हा केला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या एका बारामुळे राखणीच्या माळ्यावर कांबळं पांघरून बसणारा माणूस बदनाम होतो. ठाकरवाडीतल्या शेतकऱ्याला पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीसाठी चपला झिजवाव्या लागतात आणि बंगलेवाल्याच्या कमरेला पिस्तूल चटकन येतं, हे आम्हाला दिसत नाही असं समजू नका. तुमची पिस्तुलं जमा झाली तर आम्ही एक शब्द बोलणार नाही.

तिसरी गोष्ट बिबट्याची. प्रत्येक हल्ल्यानंतर कुणीतरी माईक धरून म्हणतं की गावागावांत बंदुका वाटा. आम्ही बंदूक चालवणारी माणसं आहोत आणि आम्ही सांगतो, वाटू नका. अंधारात, विजेरीच्या उजेडात, उसाच्या सरीत छर्ऱ्यांचा बार टाकला तर बिबट्या मरत नाही, जखमी होतो. जखमी बिबट्यामागं सकाळी जो जातो त्याला विचारा. शिवाय बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला तर मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. प्रत्यक्ष अंगावर आला आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना मेला तर कलम 11(2) खाली तो गुन्हा ठरत नाही. पण त्याचा अर्थ शोधायला जा आणि मारा, असा होत नाही. बिबट्यासाठी पिंजरे हवेत, पाणी भरायला दिवसा वीज हवी, वस्तीवरच्या गोठ्यांना जाळी हवी. ते मागायचं सोडून बंदुकीचं गाजर दाखवणारा पुढारी स्वस्तात सुटतो.

आपल्या पश्चिम भागाला आणखी एक काच आहे, तो फार जणांना माहीत नसतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत किंवा हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपलं नाव वन विभागाकडं नोंदवावं लागतं, आणि तेवढ्या टापूत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. वन्यजीव कायद्याचं हे कलम 34. आमचं त्याच्याशी भांडण नाही. अभयारण्यात बंदुका वाढू नयेत हे बरोबरच आहे. पण म्हणजे रतनवाडी, घाटघर, बारी या गावांतला परवानाधारक पोलिसांच्या वहीत आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या वहीत आहे आणि वन विभागाच्याही. तीन-तीन वह्यांत ज्याची कुंडली आहे त्याच्याबद्दल समितीनं दहा मिनिटं बसून निर्णय घ्यायला अडचण कसली?

हत्यारं काढून घेतली की मुलूख शांत राहतो ही समजूत इंग्रजांची. त्यांच्याविरुद्ध बंड करणाऱ्या, याच तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरेंना त्यांनी 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. पुढं 1878 साली व्हाइसरॉय लिटननं शस्त्रांचा कायदा केला आणि त्यातून गोऱ्यांना मोकळं ठेवलं. हा अपमान राष्ट्रीय चळवळ विसरली नाही. 1931 च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला. राज्यघटनेत तो आला नाही, आणि आम्ही तो मागतही नाही. परवाना ही सवलत आहे हे आम्हाला मान्य. 1959 च्या कायद्यानं ती पिकासाठी आणि स्वसंरक्षणासाठी दिली. ती ज्या कारणासाठी दिली त्या कारणापुरती तरी वापरू द्या.

तेव्हा आमचं म्हणणं जिल्हा प्रशासनापुढं थोडक्यात असं. छाननी समितीची बैठक खरोखर घ्या आणि ज्याला नोटीस द्याल त्यात त्याचं कारण लिहा. पीकसंरक्षणाच्या बंदुकांचा विचार वेगळा करा, निदान भाताच्या आणि ऊसतोडीच्या हंगामात. जमा केलेलं हत्यार कोरड्या जागी, तेल लावून, उभं ठेवायची सोय करा; लाकडी घोडीचा खर्च परवानाधारक वर्गणी काढून देतील, हे आम्ही लिहून देतो. आणि नूतनीकरणाच्या अर्जावर मुदतीत उत्तर द्या, कारण परवाना आता पाच वर्षांचा झाला तरी अर्ज टेबलावरच पिकतो.

परवानाधारकांनो, पुढची आचारसंहिता लागली की तोंडी निरोपावर बंदूक नेऊ नका. लेखी नोटीस मागा, नम्रपणे मागा, हुज्जत घालू नका. नोटीस हातात आली तर मुदतीच्या आत जमा करा, लपवाछपवी करू नका. नेण्याआधी नळी रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, आतून पुसून तेल द्या, काडतुसं मोजून त्यांची वेगळी नोंद करा. पावतीवर बनावट, नंबर, नळीची आणि दस्त्याची स्थिती लिहून घ्या आणि मोबाईलवर फोटो काढा. निकालानंतर आठवडा उलटला की पावती घेऊन जा. बंदूक मिळाली नाही तर त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाला अर्ज द्या आणि त्याची पोच ठेवा. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांच्यासाठी अकोल्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी आमच्यातले दोघे-तिघे कोरे कागद आणि पेन घेऊन बसतील. पैसे पडणार नाहीत. परवान्याची झेरॉक्स मात्र आणा.

आपले,
अकोले तालुक्यातले काही परवानाधारक शेतकरी

(वाचून झाल्यावर शेजारच्या वस्तीवर द्यावे.)