आधी टाकीची जागा ठरवा, मग पाइप कापा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. पावसाळा सरत आला की आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं पाइप वाकवायला आणि वेल्डिंगला येऊ लागतात. 'बाहा'साठी बग्गी बनवायची असते. लॅपटॉपवर रंगीत मॉडेल तयार असतं, सस्पेन्शनचे कोन दशांशापर्यंत काढलेले असतात, कुठला पाइप किती जाडीचा हे तोंडपाठ असतं. मी विचारतो, पेट्रोलची टाकी कुठं बसणार? बहुतेकदा उत्तर येतं, "मामा, ती मागनं बघू की."

टाकी ही मागनं बघायची वस्तू नाही. चौकटीचा पहिला पाइप कापण्याआधी तिची जागा ठरली पाहिजे. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण ते सविस्तर सांगायला हवं, कारण इथं चुकलं तर माणूस जळतो.

ज्यांना 'बाहा' ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत १९७६ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झालेली ही विद्यार्थ्यांची स्पर्धा. भारतात ती २००७ पासून होते, इंदूरजवळ पीथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये तिचे सामने रंगतात, आणि महाराष्ट्रातले संघ तिथं मोठ्या संख्येनं उतरतात. एका माणसाची, मागं इंजिन असलेली, दगडमातीतून धावणारी गाडी मुलांनी स्वतः आखायची आणि स्वतः बांधायची. पुस्तकातलं इंजिनिअरिंग हाताला लागावं यासाठी याहून चांगला उपक्रम मी पाहिलेला नाही. म्हणूनच त्यातल्या या एका ढिलाईचा मला राग येतो.

टाकी शेवटाला का राहते ते मला समजतं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग यांच्या जागा एकमेकांत गुंतलेल्या असतात. टाकीचं काय, नळी लांबवली की ती कुठंही बसेल असं वाटतं. चौकट पुरी होते, इंजिन चढतं, आणि मग जी पोकळी उरते ती नेमकी इंजिनाच्या डोक्यावर, ड्रायव्हरच्या मानेमागं. कार्ब्युरेटरला पेट्रोल वरून आपोआप उतरायला हवं, म्हणून टाकी उंचच पाहिजे, हे कारणही हाताशी असतं. मोटरसायकलीची टाकी तशीच असते ना, असं पोरं म्हणतात. पण मोटरसायकल पडली तर माणूस तिच्यापासून वेगळा होतो. बग्गीत तो पट्ट्यांनी सीटला बांधलेला असतो, आणि बग्गीचा नेहमीचा अपघात म्हणजे उलटणं. कुशीवर पडली तर झाकणातून, हवेच्या भोकातून निघालेलं पेट्रोल सायलेन्सरकडं वाहतं. पालथी पडली तर ते ड्रायव्हरच्या डोक्याखालच्या मातीत उतरतं.

पेट्रोलबरोबर रोज काम करणारे आपण त्याला फार सहज घेतो. उणे ४० अंश सेल्सिअसच्या थंडीतही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते, त्यामुळं ती वर उडून जात नाही, खाली साठते. बग्गीच्या पोटाला दगड लागू नये म्हणून आपण खालून पत्रा मारतो. त्या पत्र्याला निचऱ्याची भोकं नसतील तर त्याची वाफेनं भरलेली परात होते, आणि तिच्यावर ड्रायव्हर बसलेला असतो. शिवाय ठिणगी लागतेच असं नाही. साधारण २५० ते २८० अंशांना ही वाफ आपसूक पेटू शकते, आणि जोरात पळणाऱ्या इंजिनाचा एक्झॉस्ट पाइप त्याच्या कितीतरी वर जातो.

स्पर्धेचं नियमपुस्तक हे सगळं धरूनच लिहिलेलं आहे. टाकी पाइपांच्या चौकटीच्या आत हवी. टाकी-इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये धातूची फायरवॉल हवी, तिचा पत्रा किमान अर्धा मिलिमीटर जाड. पेट्रोल भरताना सांडलं तर ते गरम इंजिनावर, एक्झॉस्टवर किंवा प्लगच्या वायरीवर न जाता ट्रेमधून गाडीबाहेर जमिनीवर गेलं पाहिजे. इंजिन बंद करायला एक बटण ड्रायव्हरच्या हाताशी, दुसरं बाहेरून कुणालाही दाबता येईल असं. आणि ड्रायव्हरला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. पोरं हे नियम वाचतात, पण तपासणीच्या आदल्या आठवड्यात. मग फायरवॉलला टाकीच्या कोपऱ्यासाठी खाच पाडली जाते, त्या खाचेवर ॲल्युमिनियमचा तुकडा रिव्हेट करून चिकटवला जातो, ट्रेचा उतार उलटा होतो आणि निचऱ्याची नळी नेमकी सायलेन्सरशेजारी उघडते. कागदावर प्रत्येक नियमापुढं टिक येते. गाडी मात्र नियम लिहिणाऱ्याच्या मनातली राहत नाही.

हे नियम कुणाच्या तरी हौसेखातर आलेले नाहीत. फोर्ड कंपनीची पिंटो ही गाडी घ्या. १९७१ च्या मॉडेलपासून तिची टाकी मागच्या ॲक्सल आणि मागच्या बंपरच्या मधोमध होती. मागून धडक बसली की टाकी पुढं सरकायची आणि डिफरन्शिअलचे बोल्ट तिला भोक पाडायचे. माणसं जळून मेली, खटले चालले, आणि १९७८ मध्ये कंपनीला सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दुरुस्ती काय केली? टाकी आणि डिफरन्शिअलच्या मध्ये प्लास्टिकचं एक कवच बसवलं आणि भरणीची नळी सुधारली. आमच्या शॉपमध्ये एका दुपारी होईल असं काम! बोल्टाचं टोक आणि टाकीचा पत्रा यांच्यात काय आहे, हा प्रश्न ड्रॉइंग बोर्डवर कुणी रेटून धरला असता तर ती माणसं वाचली असती.

आणि महागडी टाकी घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. २०२० च्या नोव्हेंबरात बहारीनला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत रोमॅ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली आणि पेटली. त्या गाड्यांत रबरी पिशवीसारखी, जगातली सर्वात मजबूत टाकी असते. तरी आग लागली, कारण इंजिनाकडं जाणाऱ्या नळीचा जोड टाकीपासून उपटला गेला आणि टाकीच्या तपासणीच्या खिडकीचं झाकण निघालं. ग्रोजाँ २७ सेकंदांनी बाहेर आला. अंगावरचे आगरोधक कपडे आणि डोक्याभोवतीचं 'हेलो' नावाचं संरक्षक कडं यांनी त्याला वाचवलं. त्यातून मी घेतलेला धडा असा की टाकीचं पोट बघण्याआधी तिचा जोड बघावा. नळी कुठून निघते, कशावर घासते, गाडी वाकली तर कुठं ताणली जाते?

घरी बग्गी बनवणाऱ्यांचा आद्यपुरुष म्हणावा असा कॅलिफोर्नियाचा ब्रूस मेयर्स. १९६४ साली त्यानं फोक्सवॅगन बीटलच्या सामानावर फायबरग्लासची मँक्स उभी केली आणि तिच्या नकला जगभर झाल्या. बीटलचं इंजिन मागं आणि टाकी पुढं, ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढं. मँक्सनंही टाकी पुढंच ठेवली. उष्णता एका टोकाला आणि पेट्रोल दुसऱ्या, हा त्यातला फायदा. समोरून धडक बसली तर टाकीच आधी सापडते, हा तोटा. बिनधोक जागा गाडीत नसतेच. कुठला धोका पत्करायचा हे डोकं शांत असताना ठरवायचं असतं.

मागं इंजिन असलेल्या आपल्या बग्गीसाठी माझं मत ठाम आहे. फायरवॉलच्या मागं, ड्रायव्हरच्या पाठीमागची पाइपांची मुख्य कमान आणि इंजिन यांच्या मधल्या जागेत, जमेल तितकी खाली, आणि एक्झॉस्ट ज्या बाजूला निघतो त्याच्या उलट बाजूला. बाजूच्या पाइपांपासून हातभर आत. टाकीला रबराची पट्टी लावून पट्ट्यांनी आवळायचं. केबल टाय चालणार नाही आणि टाकीच्या शिवणीतून बोल्ट तर मुळीच नाही. खाली टाकी म्हणजे पेट्रोल चढवायला पंप आला, आणि इथं पोरं अडतात. पंप घ्या, पण तो किल स्विचच्या, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाच्याच वायरीवर असू द्या. नाहीतर इंजिन बंद पडलेली गाडी पालथी असते आणि पंप तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओततच राहतो. हवेच्या नळीला उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह लागतोच. तो स्वस्त असतो, तरी सगळ्यात जास्त वेळा तोच विसरला जातो.

हे सगळं तपासायला माझ्याकडं यंत्र नाही, पद्धत आहे. टाकीत पेट्रोलऐवजी नीळ घातलेलं पाणी काठोकाठ भरायचं, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरायची आणि चेन ब्लॉकनं बग्गी उचलून आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या, मग पालथी धरायची. कागदावर निळा डाग कुठं पडतो ते पोरांना दाखवायचं. एक्झॉस्टच्या पाइपवरून निळी धार उतरताना पाहिली की कुणी वाद घालत नाही. एक इशारा इथंच देतो: एकदा पेट्रोल भरलेली टाकी रिकामी झाली म्हणून तिच्यावर वेल्डिंग करू नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेनं भरलेली रिकामी टाकी जास्त घातक असते.

कॉलेजच्या मुलांच्या डोक्यावर निदान नियमपुस्तक आणि तपासनीस तरी असतो. घरी गाडी बनवणाऱ्यावर कोण आहे? शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं नातवासाठी मोपेडच्या इंजिनावर छोटी बग्गी बांधली होती. बांधणी इतकी देखणी की मी वेल्डिंगवरून हात फिरवत राहिलो. टाकी मुलाच्या सीटखाली, मध्ये फक्त प्लायवूड. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, आम्ही ती मागं नेली. सांगणारं कुणी भेटलं नसतं तर? सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली, ती देशभर गाजली, आणि २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्याला बोलेरो दिली. त्या कौतुकात मीही सामील होतो. पण अशी गाडी रस्त्यावर चालू दिली जाणार नाही, हे महिंद्रांनीही तेव्हाच बोलून दाखवलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तयार गाडीतही मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करू देत नाही. नवी गाडी मान्य करून घ्यायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचण्या, ज्या कारखान्यासाठी आखलेल्या आहेत, एकट्या माणसासाठी नव्हेत. परिणाम असा की बनवणारा बनवतोच, फक्त लपून बनवतो, शेतात चालवतो, आणि त्याची टाकी कुणी जाणता माणूस कधीच बघत नाही.

ब्रिटनमध्ये हौशी माणसानं घरी बांधलेली एकच गाडीही सरकारी तपासणीला नेता येते. त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे आणि तपासनीस टाकी, नळ्या, त्यांची बांधणी बघतो. आपल्याकडं रस्त्याचा परवाना द्यायचा की नाही हा वाद खुशाल चालू राहू दे. पण आपल्या जिल्ह्यांत आयटीआय आहेत, पॉलिटेक्निक आहेत, परिवहन कार्यालयात मोटार वाहन निरीक्षक आहेत. वर्षातून दोनदा एखाद्या आयटीआयच्या आवारात घरच्या गाड्यांची तपासणी ठेवायला नवा कायदा लागत नाही. दंड नको, जप्ती नको. टाकी, फायरवॉल, किल स्विच एवढंच बघायचं आणि लेखी सांगायचं. दंडाची भीती नसेल तर लोक गाड्या घेऊन येतील, ट्रॉलीत घालून येतील.

यात आता एक नवी भर पडली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि आमच्या ऊसपट्ट्याला त्याचा फायदाही आहे. पण इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवतं, ठिसूळ करतं, आणि त्यासाठी न बनवलेल्या फायबरग्लासच्या टाकीची राळ खातं. भंगार बाजारातून उचललेली जुन्या स्कूटरची नळी दोन वर्षांपूर्वी चालली म्हणून आज चालेल असं धरू नका. इथेनॉलला टिकणारी नवी नळी आणि चांगल्या क्लिपा याला फार पैसे पडत नाहीत.

पैशांचं कारण मला रोज ऐकवलं जातं. प्रायोजक मिळतो तेव्हा पहिला खर्च शॉक ॲब्सॉर्बरवर होतो, मग टायरांवर, मग टी-शर्टांवर. टाकीसाठी जुन्या मोटरसायकलीचा सांगाडा शोधला जातो. कॉलेजांच्या मार्गदर्शक शिक्षकांना माझी विनंती आहे की पहिल्या आढाव्यातच टाकी, नळी, हवेची वाट, फायरवॉल आणि एक्झॉस्ट एका चित्रात मागा आणि ते नसेल तर पाइपांच्या खरेदीवर सही करू नका. प्रायोजकांनीही पैसे देताना तेच चित्र मागावं. आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या माझ्या धंद्यातल्या भावांनो, चौकटीच्या ड्रॉइंगवर टाकी काढलेली नसेल तर काम हातात घेऊ नका. गिऱ्हाईक तुटत नाही, हा माझा अनुभव आहे. पोरं जरा नाराज होतात, चहा पिऊन जातात आणि पुढच्या आठवड्यात टाकी काढलेलं ड्रॉइंग घेऊन परत येतात.