मागच्या सीटवर बसणारीचा हक्क



आपल्यासारख्या गावांतून संसाराची निम्मी धावपळ दुचाकीवरच होते. भाजी, बँक, मुलांची शाळा, सासूबाईंचे औषध, सगळे काही त्या एका गाडीवर. गाडीत पेट्रोल किती उरले आहे हेही आपल्याला ठाऊक असते. पण गाडीचा विमा कोणत्या प्रकारचा आहे असे विचारले, तर बहुतेक जणी म्हणतील, "ते बाई ह्यांनाच माहीत!"

म्हणून आज हा विषय. अमंगळ बोलते असे समजू नका. पाऊस पडायच्या आधीच आपण छत्री दुरुस्त करून ठेवतो ना, त्यातलाच हा प्रकार.

आधी पॉलिसी काढून बघा. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे "विमा आहे" म्हणून आपण निर्धास्त असतो. पण यजमानांच्या हातून गाडी घसरली आणि मागे बसलेल्या तुम्ही जखमी झालात, तर नुसत्या थर्ड पार्टी विम्यातून तुम्हाला भरपाई मिळत नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, असेल तर मिळू शकते. नव्या गाडीबरोबर ती बहुधा एकाच वर्षाची मिळते आणि पुढे नूतनीकरण राहून जाते. चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर मात्र त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागण्याचा हक्क मागे बसणारीलाही आहे.

आणखी एक. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मृत्यू किंवा ठरावीक स्वरूपाच्या गंभीर अपंगत्वासाठी, आणि तोही गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी. गाडी तुमच्या नावावर आणि चालवतात हे, असे असेल तर विमा एजंटाला नीट विचारून घ्या.

अपघात झालाच तर आधी जीव, मग बाकीचे. १०८ किंवा ११२ ला फोन करा. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता होतात. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा आणि पोलिसांत नोंद झाली आहे ना, हे पाहा. एफआयआरची प्रत मागून घ्या. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो.

घरातल्या बाईचे खरे काम येथून सुरू होते. एक जाड फाईल करा. तीत दवाखान्याची कागदपत्रे, औषधांची प्रत्येक पावती, एक्सरे, डिस्चार्ज कार्ड, रिक्षाचे भाडे, किती दिवस पगार बुडाला त्याचा दाखला, सगळे तारखेवार लावा. वाण्याची वही जशी ठेवतो तशीच ही वही ठेवायची.

आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान वायरमन. गेल्या वर्षी एका मोटारीने त्यांच्या मोटारसायकलला धडक दिली आणि मांडीचे हाड मोडले. चौथ्याच दिवशी मोटारवाले गृहस्थ फळांची करंडी, पंधरा हजार रुपये आणि स्टॅम्पपेपर घेऊन हजर! "पुढे काही मागणे नाही, एवढी सही करा." घरात पैशांची चणचण, सासरे म्हणाले, घेऊन टाक. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारून सांगते." डॉक्टर म्हणाले, पायातला रॉड दीडेक वर्षाने काढावा लागेल, आणि शिडीवर चढायचे काम पूर्वीसारखे जमेलच असे नाही. वहिनींनी सही केली नाही. दावा अजून चालू आहे, पण तो चालू आहे हेच महत्त्वाचे.

हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. अपघात जिथे झाला तिथे किंवा आपण राहतो तिथेही तो दाखल करता येतो. एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

गंभीर दुखापतीला चूक कोणाची हे सिद्ध न करता अडीच लाख रुपये मिळण्याचीही तरतूद कायद्यात आहे. हाड मोडणे ही गंभीर दुखापतच. मात्र ती रक्कम स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

आता तुम्ही विचाराल, वकिलाचे पैसे कुठून आणायचे? भगिनींनो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० हा फोनही आहे. दवाखान्याच्या दारात येऊन "भरपाईतले इतके टक्के द्या, बाकी मी बघतो" म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा. भरपाईत वाटा ठरवून वकिली करायला वकिलांच्या नियमांतच मनाई आहे.

भरपाई म्हणजे नुसते औषधाचे बिल नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले की, डॉक्टर अपंगत्वाचा जो टक्का लिहितात त्यावरच न थांबता त्याचा माणसाच्या पोटापाण्यावर काय परिणाम झाला ते पाहायचे. तोच अधू पाय कारकुनाला वेगळा आणि वायरमनला वेगळा.

आणि जखमी झालेली आपणच असू तर? फॉर्मवर "व्यवसाय: काही नाही" असे लिहू देऊ नका! गृहिणीच्या कामाचे मोल पैशांत धरायला न्यायालयांनी केव्हाच सुरुवात केली आहे. २००१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते महिना ३००० रुपये धरले होते. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका मोटारसायकलवरच्या जोडप्याच्या अपघाताचा निकाल देताना न्यायालयाने म्हटले, की गृहिणीचे उत्पन्न धरायलाच हवे. २०११ च्या जनगणनेत सुमारे १६ कोटी स्त्रियांनी घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय सांगितला होता, याचीही तेथे दखल घेतली गेली. तेव्हा तुमचा हात प्लास्टरमध्ये असताना स्वयंपाकाला बाई लावली, मुलांची शिकवणी बाहेर लावली, तर त्याच्याही पावत्या त्या फाईलीत घाला. तो खर्च म्हणजे तुमच्याच कामाची किंमत आहे.

राहता राहिले हेल्मेट. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने बंधनकारक आहे. अंबाडा मोडतो, वेणी विस्कटते, सगळे खरे. पण अपघातानंतर समोरचा वकील पहिला प्रश्न हेल्मेटचाच विचारतो, आणि डोक्याला पर्याय नाही.

आज रात्री जेवणे उरकली की कपाटातली पॉलिसी काढा, चष्मा लावा आणि दोघांनी मिळून वाचा. मुदत संपली असेल तर उद्याची पहिली खरेदी तीच.