नावांची बेरीज

संदर्भ मोजण्याचा उद्योग रसायनशास्त्राला परका नाही. १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकातील संदर्भ मोजले, ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी. मोजमाप कपाटाचे होते. आज तेच माणसाला लावले जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली पाहा. दोनांहून अधिक लेखक असल्यास पहिल्या वा मुख्य लेखकाला ७० टक्के गुण, इतर प्रत्येकाला ३०. म्हणजे तीन नावांच्या शोधनिबंधाचे श्रेय १३० टक्के, पाच नावांचे १९०! काम तेवढेच; नावे वाढली की पुण्य वाढते. पाहुण्या नावांना याहून उघड निमंत्रण कोणते?

किंमत मोजतो तो पीएच.डी.चा विद्यार्थी. रात्ररात्र कॉलम लावून संयुगे वेगळी करणारा तो, मार्गदर्शकाने सुचवलेले नाव आणि त्यांच्याच जुन्या निबंधांचे संदर्भ नाकारणार कसा? प्रबंधावर सही त्यांचीच हवी असते. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती आयोगाने २०२२ मध्ये काढली, हे योग्यच झाले. पण नोकरीच्या दारातला हिशेब उरलाच.

सहलेखन आम्हाला अमान्य नाही. एनएमआरचा आलेख उलगडणारा, स्फटिकाची रचना सोडवणारा सहलेखक असावाच. आमचे मागणे एवढेच : प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणाखाली कोणी काय केले ते लिहावे आणि मौखिक परीक्षेत तेच आधी विचारावे. ज्या नावापुढे लिहिण्याजोगे काही नाही, ते आपोआप गळेल.