आमारोने घ्याल, तर भरल्या ताटासोबत घ्या

इटलीच्या सहलीत व्हेरोना शहर असेल, तर तिथे ‘आमारोने’ ही लाल वाइन तुमच्यासमोर येईलच. वाइन घेणार असाल, तर काही गोष्टी आधीच लक्षात ठेवा.

ही वाइन जड असते. व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला भागात कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला या जातींची द्राक्षं पिकतात. शरद ऋतूत ती तोडतात, पण लगेच चिरडत नाहीत. हवेशीर माळ्यांवर तीन-चार महिने सुकवतात. आपल्या तासगावला बेदाण्यासाठी सुकवतात तशीच, पण पूर्ण वाळण्याआधी थांबतात. पाणी उडून जातं, गोडी दाट होते. त्याच साखरेचं पुढे अल्कोहोल होतं. एरवी लाल वाइनमध्ये ते 12 ते 14 टक्के असतं. इथे 15-16 टक्क्यांपर्यंत जातं.

म्हणून रिकाम्या पोटी घेऊ नका. दिवसभर उन्हात फिरून आलात, तर आधी पाणी प्या, पाव खा. मग छोटा ग्लास घ्या आणि जेवण संपेपर्यंत पुरवा. चव मऊ लागते, त्यामुळे किती घेतली ते कळत नाही. उठताना कळतं.

आता ताटाकडे पाहा. या वाइनला तुरटपणा असतो. चरबी, लोणी, चीज सोबत असलं, की तो सौम्य होतो. म्हणून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं मांस आणि मुरलेलं चीज तिला शोभतं. तिथलं ‘मोंते वेरोनेसे’ चीज जुनं, मुरलेलं मागा. शाकाहारी असाल, तर मक्याची पोलेंटा आणि परतलेल्या अळंब्या चांगल्या.

व्हेरोनात याच वाइनमध्ये भात शिजवतात. त्याला ‘रिसोत्तो आल आमारोने’ म्हणतात. रंग जांभळा, चव खमंग. पण त्यात बऱ्याचदा मांसाचं पाणी घालतात. शाकाहारी असाल, तर मागवण्याआधी विचारा.

‘पास्तिस्सादा दे कावाल’ हे नाव दिसलं, तर थांबा. ते घोड्याच्या मांसाचं कालवण आहे. तिथली ती जुनी, मानाची रीत. तुम्हाला चालणार नसेल, तर आधीच नम्रपणे सांगा.

मासे, लिंबू पिळलेली कोशिंबीर आणि गोड पदार्थ यांच्याबरोबर ही वाइन नको. माशांबरोबर तोंडात लोखंडासारखी चव येते. गोडाबरोबर ती कडू लागते.

बाटली घरी आणलीत, तर तांबड्या रश्श्यासोबत उघडू नका. अल्कोहोलने तिखट अधिक झोंबतं. मिरची कमी घालून, सावकाश शिजवलेलं मटण करा. आपल्याकडे खोलीत उकाडा असतो, म्हणून बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ घालू नका. उघडल्यावर तासभर हवा लागू द्या. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. नाहीतर भातात घाला.

विकत घेताना लेबल नीट वाचा. ‘आमारोने देल्ला वाल्पोलिचेल्ला’ असं पूर्ण नाव हवं. ‘रिपास्सो’ ही वेगळी, हलकी आणि स्वस्त. ‘रेचोतो’ गोड असते.

वाइन घेतली, की गाडी चालवू नका. इटलीतही त्याविरुद्ध कडक कायदा आहे. मधुमेहाची, झोपेची किंवा इतर औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने घेऊच नये.

आणि एक कळकळीची विनंती. जेवणात आग्रह करणं आपल्या हाडात आहे. पुरणपोळीचा आग्रह करा, वाइनचा नको. कुणी नको म्हटलं, तर त्याचा ग्लास पाण्याने भरा आणि ताट आनंदाने वाढा.